त्यात काही नसतं

गेल्या शुक्रवारी दुपारी सेंट्रिफ्यूज घरघरत थांबलं आणि आमच्याकडे नव्यानं शिकायला आलेल्या मुलीनं त्यातली एक नळी काढून उजेडात धरली. तळाला टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका ठिपका, म्हणजे पेशी. त्यावर दहा मिलिलिटर नारिंगी-गुलाबी द्रव, ज्यात त्या पेशी सहा-सात दिवस वाढल्या तो. "मॅडम, वरचं टाकून देऊ?" तिनं विचारलं. मी वहीत आकडे उतरवत होते. मान वर न करताच म्हणाले, "दे टाकून. त्यात काही नसतं." तिनं मनगट हलकेच कलतं केलं, द्रव ब्लीचच्या बीकरमध्ये पडला, बघता बघता त्याचा रंग उडाला आणि ती पुढच्या नळीकडे वळली. चार नळ्या होत्या. चौथी रिकामी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मगाचपासून एकाच रकान्यात दोनदा आकडे लिहितेय. मन कशात अडकलंय ते मात्र घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

कारण त्यात असतं. बरंच काही असतं. आणि हे मला नाही तर कोणाला ठाऊक असायचं?

त्या दिवशीच्या प्रयोगाला फक्त पेशी हव्या होत्या, तेव्हा टाकून दे म्हणण्यात काही वावगं नव्हतं. टोचत होतं ते पुढचं वाक्य. ते माझंही नव्हे खरं तर. मी शिकत होते तेव्हा माझ्या सरांनी मला हेच सांगितलं होतं, याच सुरात, मान वर न करता. पेशींवर काम करणाऱ्यांच्या हातांना ही सवय लागलेलीच असते. नळी फिरवायची, जड ते खाली बसतं, हलकं ते वर राहतं. खालचं पेलेट, ते राखायचं. वरचं सुपरनॅटंट, ज्याला आम्ही नुसतं 'सुप' म्हणतो, ते ओतून द्यायचं. मराठीत त्याला निवळ म्हणता येईल. गढूळ पाणी स्वस्थ ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वर राहते ती निवळ. गंमत अशी, की बाकी सगळीकडे माणूस निवळ घेतो आणि गाळ टाकतो. आम्ही उलटं करतो आणि वर म्हणतो, त्यात काही नसतं.

त्या ठिपक्यातल्या पेशी होत्या डेंड्रायटिक, म्हणजे रोगप्रतिकारयंत्रणेतल्या पहारेकरी. त्या रक्तात आयत्या फारशा मिळत नाहीत, घडवाव्या लागतात. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना जीएम-सीएसएफ आणि इंटरल्यूकिन-४ अशी दोन प्रथिनं द्यायची आणि ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून वाट बघायची. पहिल्या दिवशी त्या तळाला चिकटलेल्या गोल गोल टिकल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळ सोडून थोड्या वर येतात. सहाव्या दिवशी जिवाणूच्या भिंतीतला एक घटक चिमूटभर म्हणावा इतकासुद्धा नाही, अगदी नॅनोग्रॅममध्ये घालायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मला आजही क्षणभर श्वास रोखावासा वाटतो. पेशींना पदर फुटलेले असतात. पातळ, पारदर्शक, कडेला किंचित चमकणारे. ते आत ओढले जातात, पुन्हा दुसरीकडून बाहेर येतात, वाऱ्यावर ओल्या ओढणीचं टोक फडफडावं तसे. इतक्या अस्वस्थ पेशी मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत. हात-पाय हलवल्याशिवाय त्यांना जणू विचारच करता येत नाही.

हे पदर बघूनच १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन थांबला. झॅनव्हिल कोहनबरोबर तो उंदराच्या प्लीहेतल्या पेशी काचेवर ठेवून बघत होता. मॅक्रोफेजसारख्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या, वाटणाऱ्या गर्दीत काही पेशी वेगळ्याच वागत होत्या. ग्रीकमध्ये झाडाला 'डेंड्रॉन', म्हणून या डेंड्रायटिक. शंभरात जेमतेम एखादी, वेगळी काढायला महाकठीण, त्यामुळे बरीच वर्षं पुष्कळांना हे प्रकरण खरं वाटेना. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १८६८ साली, बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं त्वचेवर सोन्याच्या क्षाराची प्रक्रिया केली तेव्हा या गोतावळ्यातल्या पेशी त्याला काळ्याभोर, फांद्या फुटलेल्या दिसल्या होत्या. त्याला वाटलं, या मज्जासंस्थेच्याच पेशी. चूक होती, पण त्या चुकीत काहीतरी होतं असं मला उगाच वाटतं. बाहेर काय चाललंय ते टिपून आत कळवणं, हेच तर या पेशींचं काम.

हे काम पाठ्यपुस्तकात असतं. पेशी बाहेरचे तुकडे गिळते, पदर सावरून लसिकाग्रंथीकडे निघते, तिथे टी-पेशींसमोर, म्हणजे शरीराच्या लढवय्या पेशींसमोर, तो तुकडा एका हातावर धरते आणि दुसरा हात दाखवून सांगते की हे खरंच धोक्याचं आहे. दुसरा हात म्हणजे सीडी-८० आणि सीडी-८६ ही प्रथिनं. नुसता तुकडा दाखवला आणि दुसरा हात खालीच राहिला, तर टी-पेशी 'आपलंच आहे' असं समजून गप्प बसतात. म्हणजे पेटवणारी तीच आणि शांत ठेवणारीही तीच. १९७८ साली स्टाइनमनच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की टी-पेशींना चेतवण्यात या पेशी इतर पेशींच्या निदान शंभरपट भारी आहेत, आणि तेव्हापासून त्यांची ख्याती पेटवणारी अशीच झाली. पुस्तकातलं चित्रही तसंच असतं. मधोमध भलीमोठी पेशी, अंगावर निरनिराळ्या आकारांची प्रथिनं, प्रत्येकाला बाण आणि नाव. आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून काढल्यासारखे, चार ठिपके. ती स्रवलेली प्रथिनं. म्हणजे माझी निवळ.

आता त्या चार ठिपक्यांत काय काय मावतं बघा. इंटरल्यूकिन-१२ असलं तर टी-पेशी आक्रमक होतात. इंटरल्यूकिन-१० असलं तर मवाळ. इंटरल्यूकिन-६ असलं तर आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींचं बाकीच्या टी-पेशी ऐकेनाशा होतात. एका उपजातीच्या डेंड्रायटिक पेशी विषाणू दिसला की त्याला रोखणाऱ्या इंटरफेरॉनचा पूर आणतात. हे सगळे निरोप पहिल्यापासून बाहेर पाठवण्यासाठीच घडवलेले. मला जास्त ओढ आहे ती दुसऱ्या प्रकाराची. जी प्रथिनं पेशीच्या अंगावर घट्ट रोवलेली असायला हवीत आणि तरी द्रवात मोकळी सापडतात, त्यांची.

त्यातलं माझं म्हणावं असं एक आहे, सीडी-८३. नाव कसलं, क्रमांकच तो. पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनांना असे क्रमांक देण्याची पद्धत १९८२ सालच्या पॅरिसमधल्या बैठकीपासून सुरू झाली आणि याच्या वाट्याला ८३ आला. वर्षानुवर्षं आम्ही त्याला ओळखपत्रासारखं वापरलं. पेशी पक्व, म्हणजे टी-पेशींना चेतवायला तयार, झाली का? सीडी-८३ बघा. पेशी एकेक करून तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर शिखर उजवीकडे सरकलं की झाली. ओळखपत्र घेऊन फिरणाऱ्याला 'बाबा, तू स्वतः काय करतोस' असं कोण विचारतं? तसंच. नंतर कळलं की पेशीच्या अंगावर असताना ते बाकीच्या हातांना आधार देतं. तुकडा धरणारा हात आणि सीडी-८६ यांना पेशी सारखं आत ओढून मोडीत काढत असते. सीडी-८३ त्या मोडतोडीला अटकाव करतं, हात वरच राहतात. थोडक्यात, रोवलेलं असताना ते चेतवणाऱ्यांच्या बाजूचं.

मोकळं झालं की ते पक्ष बदलतं.

२००१ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी सीडी-८३चा फक्त बाहेरचा भाग, मुळं नसलेला, बनवला आणि डेंड्रायटिक पेशी व टी-पेशींच्या मिश्रणात घातला. टी-पेशींची वाढ मंदावली. त्याच सुमारास हेही दिसलं की असा मोकळा तुकडा माणसाच्या रक्तात निसर्गतः असतोच, निरोगी माणसाच्यासुद्धा, आणि चेतलेल्या डेंड्रायटिक पेशी व प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी तो सोडत असतात. २००४ साली उंदरांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससारखा, म्हणजे शरीराची बचावफळी आपल्याच मज्जासंस्थेवर उलटते तसा, आजार घडवून हाच तुकडा टोचला, तर लुळेपणाची लक्षणं रोखता आली. पुढे प्रत्यारोपित त्वचा, हृदय, मूत्रपिंड प्रयोगातल्या प्राण्यांत जास्त टिकवून दाखवलं गेलं. यंत्रणाही हळूहळू उलगडली. हा तुकडा समोरच्या पेशीला एक विकर बनवायला लावतो, ते विकर ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल फस्त करतं, टी-पेशींची रसद तुटते आणि त्यांच्यातल्या काही लढायचं सोडून नियामक बनतात. वर्णन वाचायला कोरडं आहे. पण टी-पेशींची प्लेट प्रत्यक्ष बघितली की कोरडं राहत नाही. एरवी पाचव्या दिवशी प्रत्येक खळग्यात डेंड्रायटिक पेशीभोवती टी-पेशींचे घोस लागलेले असतात, नुसत्या डोळ्यांना दिसावेत इतके, आणि वाढीच्या आम्लानं माध्यम, म्हणजे पेशी वाढतात तो द्रव, पिवळं पडलेलं असतं. मोकळं सीडी-८३ घातलेल्या खळग्यात घोस विरळ आणि माध्यम गुलाबीच. सभा भरलीय, पण कोणी कोणाच्या जवळ जात नाहीये.

असा गुलाबी राहिलेला खळगा मी त्याआधीच पाहिला होता. शिकाऊ असताना. एकदा घाईत डेंड्रायटिक पेशी धुवायच्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचंच थोडं सुप प्लेटमध्ये गेलं. पाचव्या दिवशी बघितलं तर अर्धी प्लेट गुलाबी. वहीत लिहिलं, 'पेशी जुन्या. पुन्हा करणे.' पुन्हा केलं, या वेळी तीनदा धुऊन, आणि सगळं कसं पिवळंजर्द झालं. मी खूश, सर खूश. त्या गुलाबी खळग्यांकडे परत कोणी बघितलं नाही. पुढे काही वर्षांनी मोकळ्या सीडी-८३बद्दल वाचताना मी खुर्चीवरून उठले आणि जुनी वही शोधून काढली. ती एक ओळ तेवढी होती. आता, ते सीडी-८३च होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. इंटरल्यूकिन-१० असू शकतं, खराब सीरम असू शकतं, पेशी खरोखर जुन्याही असतील. सांगायचं एवढंच की सांगू शकेल असं जे होतं ते मी स्वतःच्या हातानं ब्लीचमध्ये ओतलं होतं. ब्लीचचा तो वास, नाकाच्या शेंड्याला चुणचुणणारा, मला तेव्हापासून थोडा शरमेचा वाटतो. बाकीच्यांना स्वच्छतेचा वाटतो.

एखादं प्रथिन मोकळं होतं कसं, हे मला विद्यार्थ्यांना समजावून सांगायला फार आवडतं. दोन वाटा आहेत. एक, पेशीच्या अंगावर कात्र्या असतात, प्रथिनं कापणारी विकरं. त्यातल्या एका प्रसिद्ध कात्रीचं नाव अॅडॅम-१७. ती पडद्याच्या अगदी लगत कापते आणि वरचा भाग द्रवात वाहून जातो. दुसरी वाट मला जास्त चतुर वाटते. जनुकाचा निरोप वाचून प्रथिन बनण्याआधी त्या निरोपाची काटछाट होते, आणि तेव्हाच मुळांचा परिच्छेद वगळला जातो. असं प्रथिन जन्मतःच बिनमुळाचं. त्याला कुठे रोवून घ्यायचं माहीतच नसतं. बाकी शब्द न् शब्द तोच. सीडी-८३ला दोन्ही वाटा ठाऊक आहेत. पीडी-एल१ नावाचं आणखी एक प्रथिन आहे, कर्करोगाच्या नव्या औषधांमुळे बरंच गाजलेलं. तेही पक्व डेंड्रायटिक पेशी द्रवात सोडतात, अपक्व सोडत नाहीत. म्हणजे पेशी पेटवायला निघते त्याच वेळी विझवण्याची तजवीजही तिच्या अंगावरून सुटत असते. शिकवताना मी इथे मुद्दाम थांबते. वर्गात कोणीतरी हमखास विचारतं, "मग ती नक्की कोणाच्या बाजूची?" मला अजून याचं एका वाक्यात उत्तर देता आलेलं नाही.

शत्रूला मात्र ते कळलंय. सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू पक्व डेंड्रायटिक पेशीत शिरला की तिच्या अंगावरचं सीडी-८३ झडायला लावतो, आणि झडलेल्या तुकड्यांनी टी-पेशी ढिल्या पडतात. आपल्याच लगामानं आपल्यालाच आवळायचं. काही रक्ताच्या कर्करोगांतही रक्तात हे मोकळं सीडी-८३ वाढलेलं सापडतं. हे वाचताना मला राग येतो, हे शास्त्रज्ञाला न शोभणारं आहे, पण येतो.

आणि एक जागा आहे जिथे राग येत नाही, नुसतं कोड्यात पडायला होतं. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, सुजलेल्या सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर त्यातही मोकळं सीडी-८३ वाढलेलं असतं. आगीच्या ऐन मध्यात पाणी. आहे, आणि तरी सांधा सुजलेलाच. माझ्या आईला हा आजार आहे. सकाळी तिची बोटं उघडायला तासभर लागतो. त्या तासात ती कोणाशी बोलत नाही, गरम पाण्यात हात बुडवून खिडकीबाहेर बघत बसते आणि आम्ही घरातली माणसं चमचेसुद्धा हळू ठेवतो. तिच्या गुडघ्यातून एकदा पाणी काढलं होतं तेव्हा मी शेजारी उभी होते. सिरिंजमध्ये पिवळसर, धुरकट, तार सुटणारं काहीतरी चढत गेलं. डॉक्टरांच्या हाताकडे बघायचं सोडून मी मनात त्याची निवळ काढत होते. याला फिरवलं तर खाली काय बसेल, वर काय राहील. आईनं माझा दंड घट्ट धरला होता आणि मी तिच्या गुडघ्यातल्या प्रथिनांची यादी करत होते. यासाठी मी स्वतःला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

सध्या ती आठवड्याला एक इंजेक्शन घेते, अबाटासेप्ट. योगायोग असा की तेही एक मोकळं केलेलं प्रथिनच. सीटीएलए-४ हे एरवी टी-पेशींच्या अंगावर असतं, लगाम म्हणून. त्याचा फक्त बाहेरचा भाग घेऊन प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडला की झालं औषध. ते जाऊन डेंड्रायटिक पेशीचा तो दुसरा हात, सीडी-८० आणि सीडी-८६, धरून ठेवतं. तुकडा दाखवला जातो, पण 'धोका आहे' म्हणणारा हात वर होत नाही. अमेरिकेत २००५च्या डिसेंबरात याला मान्यता मिळाली. निसर्ग जे कात्रीनं करतो ते माणसानं कारखान्यात, मोठमोठ्या टाक्यांत वाढणाऱ्या पेशींकडून करून घेतलं. आणि ते गोळा कुठून करतात? त्या पेशींच्या सुपमधून. तिथे पेशी टाकून देतात.

औषधानं आईची बोटं उघडायला लागली, तासाची वीस मिनिटं झाली. पण ती खोकली की माझा जीव वर-खाली होतो. धरून ठेवलेला हात खऱ्या धोक्याच्या वेळीही धरलेलाच असतो, हे तिला सांगितलेलं नाही असं नाही. ती म्हणते, "तू फार शिकलीस, त्याचा हा त्रास."

स्टाइनमनचंही असंच काहीसं मनात येतं. २००७ साली त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. (स्वादुपिंडातली बेटं शोधणारा तोच लँगरहान्स, त्वचेतल्या पेशी बघितल्यानंतर वर्षभरात. अशा गोष्टींना अर्थ नसतो, पण मला त्या सोडवत नाहीत.) त्यानं स्वतःवरच्या उपचारात स्वतः शोधलेल्या पेशींवर आधारलेल्या लशीही घेतल्या. ३० सप्टेंबर २०११ला तो गेला आणि ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं. समितीला तो गेल्याचं माहीत नव्हतं. मरणोत्तर पारितोषिक द्यायचं नाही हा नियम, पण निर्णय निर्मळ मनानं झालेला म्हणून तो कायम ठेवला गेला. त्या बातमीच्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कोणीच फार बोललं नाही. इनक्युबेटरचं दार उघडून मी पेशी बघितल्या. पदर हलत होते.

शुक्रवारची ती चुटपुट सोमवारी मी मिटवायचा प्रयत्न केला. त्या मुलीला बोलावून म्हटलं, परवा मी तुला चुकीचं सांगितलं. तिला आठवेचना. "कुठलं, मॅडम?" मग मी तिला सुपमध्ये काय असतं ते सांगू लागले आणि नेहमीप्रमाणे फार लांबलं. शेवटी तिनं विचारलं, "मग ठेवायचं का दर वेळी?" व्यवहारी प्रश्न. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये मुंगीला जागा नाही. मी म्हटलं, दर वेळी नको, पण एक-एक मिलिलिटर ठेवत जा. तिनं चार छोट्या नळ्यांवर तारीख घालून 'सुप' असं लिहिलं, मोठ्या बाळबोध अक्षरात, आणि त्या कुठे घुसवायच्या यावरून आम्ही दोघी बर्फाळ ट्रे उपसत अर्धा तास तिथेच.

रविवार आईच्या इंजेक्शनचा. फ्रिजमधून काढून ते अर्धा तास टेबलावर ठेवावं लागतं, नाहीतर गार औषध फार झोंबतं. ती तेवढा वेळ त्याच्याकडे बघत बसते, येणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशी. मग चष्मा लावते, सिरिंज खिडकीशी नेते आणि उजेडात धरते. गढूळ असेल, कण तरंगत असतील तर घ्यायचं नाही, असं तिला पहिल्या वेळी बजावलेलं आहे, आणि ती ते कधी चुकवत नाही. या रविवारीही तिनं सिरिंज तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. आतला द्रव स्वच्छ, जेमतेम पिवळसर.

"ठीक आहे," ती म्हणाली. "त्यात काही नाही."

मी कापूस पुढे केला.